डेसचा हिशेब, नेरूळच्या टर्फवर

[नेरूळ. रात्र. जाळीतून दिसणारं टर्फ.]

रविवार, रात्रीचे साडेदहा. यांचा तास संपलाय. पुढची टीम बाहेर बूट बांधून उभी आहे, वॉचमनने दोनदा शिट्टी मारलीय, आणि ही पाच-सहा मंडळी अजून मधल्या रेषेवर बसून आहेत. हातवारे करतोय तो सीवूड्सचा. त्याच्या पाठीवर छांगतेचा सात नंबर. समोर गुडघ्याला पट्टा बांधलेले काका सानपाड्याचे. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून कायमचे गोलकीपर.

विषय एकच. डेस.

डेस बकिंगहॅम. ऑक्टोबर २०२१ ते नोव्हेंबर २०२३, इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा कोच.

[मोबाईलच्या स्क्रीनवर जुना गोल. भोवती चार डोकी.]

तो आला तेव्हा क्लबच्या कपाटात दोन्ही चषक नुकतेच येऊन बसले होते. आधीचा कोच सर्जिओ लोबेराने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यातला पहिला नंबर घेतला आणि प्लेऑफची फायनल जिंकून कपही. एटीके मोहन बागानविरुद्ध, बिपिन सिंगचा शेवटच्या मिनिटाचा गोल. कोविडमुळे सगळा मोसम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, त्यामुळे इथल्या पोरांनी तो गोल घरी, आवाज कमी ठेवून पाहिला. एवढं भरलेलं घर डेसच्या हाती आलं, आणि पहिल्याच मोसमात टीम पाचवी. प्लेऑफसुद्धा नाही. काकांचं बोलणं नेहमी इथून सुरू होतं आणि, त्यांच्या मते, इथेच संपायला हवं.

सीवूड्सवाला मात्र लगेच रियाध काढतो. एप्रिल २०२२. समोर इराकचा एअर फोर्स क्लब, आधी एक गोल खाल्लेला, मग पेनल्टी, मग मुंबईच्याच राहुल भेकेचं हेडर. २-१. एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा, त्यात भारतीय क्लबचा हा पहिला विजय. गटात सात गुण, दुसरा नंबर. पुढच्या फेरीत जागा नाही मिळाली, ते तो पटकन बोलून टाकतो.

[वरून: टर्फवर बाटल्यांची झाकणं मांडली जातायत.]

हा शॉट आम्ही जवळजवळ पूर्ण ठेवलाय. सोडाच्या दुकानातून आणलेली झाकणं, दोन बूट म्हणजे गोलपोस्ट. २०२२-२३ ची टीम.

मधोमध लाल झाकण, तो अहमद जाहू. बॉल आधी त्याच्याकडे येणार, तो मान वर करून बघणार, आणि मग चाळीस यार्डांवर अलगद ठेवणार. शेजारी अपुइया, सगळीकडे धावणारा. त्यांच्या थोडं पुढे ग्रेग स्टुअर्ट. त्याचं झाकण एका जागी राहतच नाही, बोट लावून सतत सरकवावं लागतं. डावीकडे बिपिन. उजवीकडे, अगदी रेषेला चिकटून, छांगते. बघा, हे झाकण किती बाहेर ठेवलंय. डेसच्या टीमचं सगळं गणित या दोन रेषांवर होतं: मैदान इतकं रुंद करायचं की समोरच्या बचावात फटी पडल्याच पाहिजेत. जानेवारी २०२२ मध्ये लोनवर आलेला छांगते पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. या एका ओळीवर काकाही मान हलवतात. कॅमेऱ्यात नीट दिसतं.

२० सामने, ५४ गोल, ४६ गुण. सलग १८ सामने पराभव नाही. शील्डवर शिक्का गोव्यात, ५-३ ने.

मग सेमीफायनल बंगळुरूशी, पेनल्टीवर ९-८ ने गेली. त्याआधी ड्युरंड कपची फायनलही बंगळुरूनेच नेली होती.

[६ नोव्हेंबर २०२३. मोबाईलवर घेतलेली दृश्यं: नेरूळ स्टेशन, पूल, निळा लोंढा.]

ही त्या रात्रीची दृश्यं. एरवी मुंबई सिटीचा सामना म्हणजे अंधेरी. हार्बरने जायचं आणि परतताना शेवटच्या लोकलवर नजर ठेवून नव्वदावं मिनिट सोडायचं. त्या दिवशी आशियातला सगळ्यात मोठा क्लब आपल्या दारात आला होता. सौदीचा अल हिलाल, चॅम्पियन्स लीगसाठी, डी. वाय. पाटीलवर. लोक घरून चालत गेले. नेमार गुडघा दुखावल्यामुळे आलाच नाही, तरी त्याच्या नावाची जर्सी घातलेली ही तीन पोरं पाहा. स्टेडियम क्रिकेटचं, गोल. बॉल बसल्या जागेपासून लांब दिसतो. पण आवाज ऐका.

[दहा सेकंद निवेदन नाही.]

०-२. रियाधला याच टीमने सहा मारले होते, म्हणून बाहेर पडताना बऱ्याच जणांना हे दोन गोडच वाटले. काकांना नाही. स्पर्धेतले चार सामने, चार पराभव, आपला एकही गोल नाही. पंधरवड्याच्या आत डेस इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला.

[पुन्हा टर्फ. लाल झाकण हातात.]

इथे लाल झाकण उचललं जातं. जाहू आणि बचावातला मुर्तदा फॉल २०२३ मध्ये ओडिशाच्या क्लबात गेले, जुन्या गुरूकडे, लोबेराकडे. मणका काढून घेतल्यावर आशियात उभं कसं राहायचं, हा सीवूड्सचा सवाल. मग तो मणका लोबेराचाच होता ना, हे सानपाड्याचं उत्तर. या दोन वाक्यांवर आमची अठरा मिनिटं खर्च झाली. तुम्हाला दोनच ऐकवतोय.

पुढचा कोच पेत्र क्राट्की. ४ मे २०२४, कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप आला. तीन गोलांपैकी दोन पेरेरा डियाझ आणि बिपिनचे, म्हणजे डेसच्या टीममधल्यांचे. एक नंतर आलेल्या वोय्तुशचा. तेव्हा कप कुणाचा? काका बोटावर मोजतात, दोनास एक, आणि तरीही क्राट्कीचाच म्हणतात. त्याच महिन्यात डेसने ऑक्सफर्डला वेम्बलीवर जिंकून वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. डिसेंबरमध्ये त्याला काढलं.

[दिवे एकेक करून बंद.]

वॉचमनने मेन स्विचला हात घातलाय. झाकणं पिशवीत जातायत. पुढच्या रविवारी लागतील. अपुइया सापडला, स्टुअर्ट सापडला. लाल झाकण कुठे दिसत नाही.

काकांनी मोबाईलचा टॉर्च लावलाय.