शिबिर संपल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर-जानेवारी आला की कितीतरी गावांतल्या शाळांमध्ये कॉलेजची पोरं मुक्कामाला येतात. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एन.एस.एस.; १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली. वर्षाला १२० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी पथनाट्य. शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते समारोप, ग्रुप फोटो, आणि अहवाल कॉलेजच्या कपाटात.

आज मला त्या अहवालाबद्दलच बोलायचंय.

पोरांनी वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेली पोती रचून ओढ्यावर तात्पुरता बांध, घातला असं समजा. अहवालात ओळ येते, ‘वनराई बंधारा बांधण्यात आला.’ शेजारच्या गावातल्या पोरांनी या ओळीचं काय करायचं? त्यांना हवं असतं ते वेगळंच. रिकामी पोती कुठून मिळवली? ओढ्याची कुठली जागा धरली आणि का? पाणी खालून झिरपायला लागलं तेव्हा काय केलं? किती आठवडे पाणी टिकलं, गुरांना पुरलं की एखाद्या शेताला एक पाळीही मिळाली? हा बंधारा पुढच्या पावसाळ्यात वाहूनच जायचा असतो, तो दर वर्षी नव्याने घालावा लागतो. म्हणजे नीट लिहून ठेवलं नाही, तर पुढची तुकडी पुन्हा ओनाम्यापासून सुरू करणार. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अहवालात सहसा येतच नाही: शिबिर जानेवारीत, पण बंधारा घालायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, ओढा वाहता असताना. आटलेल्या ओढ्यात पोती रचली तर फोटो छान येतो, एवढंच.

यश दुसऱ्यांपर्यंत कसं पोचतं, याचं मला आवडणारं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातलं आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. १७ मे रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. अवघ्या तेरा दिवसांत! ठराव हा कागदच असा, की गावाचं नाव बदललं की दुसरं गाव तो आपल्या ग्रामसभेत मांडू शकतं. त्याने प्रथा एका रात्रीत जात नाही, हे कुठल्याही गावातली बाई सांगेल. म्हणून ठरावासोबत दुसरीही हकिगत पुढे जायला हवी: कुणाच्या घरी विरोध झाला, कोण काय म्हणालं, शेवटी कुणाचा शब्द मानला गेला. ही हकिगत तरुण मुलं-मुली फार चांगली गोळा करतात, कारण ती घराघरांत जाऊन बसू शकतात.

आम्ही मोठी माणसं मात्र पोरांच्या हातात झाडू चटकन देतो, गावाचं दप्तर देत नाही. अठरा पूर्ण झाले, मतदार यादीत नाव आलं, की ती मुलगी किंवा तो मुलगा ग्रामसभेचा सभासद असतो. तिथे उठून बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाची गोष्ट आपण पाण्यासाठी सांगतो. पण १९८९ च्या सुमारास पोपटराव पवारांना सरपंचपदासाठी गळ घातली ती गावातल्या तरुणांनी, हे सांगायचं राहून जातं. आज तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि रब्बीत काय पेरायचं ते त्यावरून ठरतं. कुणीही जाऊन वाचावा असा तो हिशोब आहे.

तर एन.एस.एस.चे कार्यक्रम अधिकारी, सरपंच, शिक्षक, तुम्हाला एक सुचवतो. दत्तक गावात पोरांची पहिली फेरी शिबिराच्या आधी, सप्टेंबरातच होऊ द्या. ओढा त्यांना बघू द्या, पोती किती लागतील ते त्यांनाच मोजू द्या. गावातल्या मतदार झालेल्या मुलामुलींना जोडीला घ्या, आणि विषय ग्रामपंचायतीकडे वेळेत लेखी द्या. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, आणि तेव्हा ओढ्याला पाणीही असतं.

नमस्कार.