फेब्रुवारीचे तीनशे रुपये

नागपुरात छिंदवाडा रोडवर एनएडीटी आहे, म्हणजे राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी. इन्कम टॅक्सचे मोठे अधिकारी ट्रेनिंगला इथेच येतात, टॅक्स कसा घ्यायचा हे अख्खा देश आपल्या गावात येऊन शिकतो म्हणा ना. पण आज त्या गेटवर नाही थांबायचं, आपण चाललोय मनीषनगरला, एका सोसायटीच्या गेटवर.

सकाळचे साडेसात. प्लास्टिकची खुर्ची, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर, अन् वॉचमन काका. पासबुकच्या कव्हरमध्ये चार घड्या घालून ठेवलेली फेब्रुवारीची पगाराची स्लिप ते काढून दाखवतात. पगार 13,000. पीएफ कापला, ईएसआयसी कापला, ते ठीक, ते कधीतरी कामात येईल. त्याच्या खाली एक ओळ, पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, 300. एरवी 200 असतात, फेब्रुवारीत 300. काका विचारतात, "बारा लाखावाल्याले माफ झाला म्हणते टीव्हीवर, मंग माह्यावाले काऊन कापून राह्यले?"

प्रश्न साधा आहे, उत्तर नाही.

माफ झाला तो इन्कम टॅक्स. त्यातून सूट, म्हणजे रिबेट, देणारं कलम 87ए, 2013 च्या बजेटमध्ये आलं, तेव्हा सूट होती फक्त 2,000 रुपयांची. मग 2019 ला 12,500 झाली, 2023 ला नव्या रिजीममध्ये 25,000 अन् 2025 च्या बजेटमध्ये थेट 60,000. म्हणजे 12 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर टॅक्स शून्य, नोकरीवाल्याला 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजा होतं ते) धरून पावणेतेरा लाख. आता यातली गंमत बघा, सूट मिळते ती जेवढा टॅक्स बसला असता तेवढीच. 12 लाखवाल्याला 60,000, 8 लाखवाल्याला 20,000, अन् ज्याचं उत्पन्न चार लाखाच्या आतच आहे त्याला काय, शून्यातून शून्य. काकांचा वर्षाचा पगार होतो 1 लाख 56 हजार. रिबेट त्यांच्यापर्यंत येतच नाही, ते त्या रांगेतच नाहीत.

पीटी मात्र राज्याचा. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला 10,000 च्या वर गेला की अकरा महिने 200 अन् फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. यापेक्षा जास्त घेताच येत नाही, संविधानाच्या कलम 276 मध्येच तशी मर्यादा आहे, 1988 मध्ये ती 250 वरून 2,500 केली, तेव्हापासून तिथेच आहे.

याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक दादा राहतो, मिहानमध्ये आयटीत आहे, पॅकेज बरोबर पावणेतेरा लाख. खाली उतरल्यावर त्याला स्लिप दाखवली तर त्याने मोबाईलवर स्वतःची उघडली. पीटी, 300. दोन्ही स्लिपा शेजारी धरल्या, आकडा सेम. वर्षाचे 2,500 टक्क्यात काढले तर काकांच्या पगाराचा दीड टक्क्याहून जास्त अन् दादाच्या पगाराचा 0.2 टक्के. इन्कम टॅक्स दादाला शून्य.

दादा लगेच म्हणाला, "अरे पण माझ्याकडे असं बघू नका ना यार." अन् त्याचंही चुकीचं नाही. नोकरीवाल्याचा टॅक्स हातात पगार यायच्या आधीच कापलेला असतो, लपवायला जागा नसते, वर्षानुवर्षं तो भरतच आला. त्यातून त्याची वेगळीच पंचाईत. समजा यंदा 50,000 ची वाढ मिळाली. पॅकेज सव्वातेरा, करपात्र उत्पन्न साडेबारा लाख. मार्जिनल रिलीफ म्हणते 12 लाखाच्या वर जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त टॅक्स नाही, म्हणजे 50,000. पण त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स, 2,000. वाढ मिळाली पन्नास हजार, टॅक्स बसला बावन्न हजार! इन्क्रिमेंट घेऊन पठ्ठ्या दोन हजारांनी खाली आला. (एचआरला सांगा म्हणावं, पेढे नको वाटू.)

अन् त्याच्याही वरचे? 2025 च्या बजेटच्या भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जुन्या दराच्या तुलनेत फायदा सांगितला होता, 12 लाखवाल्याला 80,000, 18 लाखवाल्याला 70,000 अन् 25 लाखवाल्याला 1 लाख 10 हजार. पंचवीसवाल्याला सगळ्यात जास्त, रिबेट मिळत नसूनसुद्धा, कारण स्लॅबच, म्हणजे टॅक्सचे टप्पेच, सैल केले. यात सरकारने अंदाजे एक लाख कोटींवर पाणी सोडलं. मिडल क्लासला दिलासा द्यायलाच पाहिजे, मला त्यात वाद नाही, पण मिडल क्लास म्हणताना आपण कोणत्या मजल्यापासून मोजतो ते तरी सांगा की.

काका टॅक्सच भरत नाहीत असं कोणी म्हटलं तर मला हसू येतं. 299 चा रिचार्ज मारला की त्यात 45 रुपये जीएसटी, काकांचेही 45, दादाचेही 45. हां, 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आलं, ते मात्र काकांच्या घरात पोचलं, ते मान्य करायलाच पाहिजे.

पीटीचं वरचं टोक संविधानात बांधलेलं आहे, पण खालचं टोक राज्याच्या हातात आहे. 2023 मध्ये महाराष्ट्राने बायकांसाठी ते 25,000 पर्यंत नेलंसुद्धा, महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला पीटी नाही. हे काकांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग स्लिपच्या चार घड्या परत घालता घालता म्हणाले,

"मंग उद्यापासून घरवालीलेच बसवतो ना गेटवर."