खातं आपलं, परवाना दुसऱ्याचा

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. छापील आकड्यांचा एक कागद, त्यातले काही आकडे पेनाने खोडलेले.)

२०१९पर्यंत जर्मनीतल्या कितीतरी घरांत असा कागद जपून ठेवलेला असायचा. बँकेने टपालाने पाठवलेला. ऑनलाइन पैसे पाठवताना बँक विचारेल त्या क्रमांकासमोरचा आकडा टाकायचा आणि खोडून टाकायचा. याला म्हणत टॅन. आपल्या ओटीपीचा कागदी थोरला भाऊच म्हणा.

आणि हा इतका जपलेला आकडा लोक बिनदिक्कत परक्याला देत! ऑनलाइन दुकानात ‘सोफोर्ट’ निवडलं, की मधली कंपनी बँकेचा पिन आणि टॅन मागायची आणि तुमच्याच खात्यातून दुकानदाराला पैसे पाठवायची. हिशेब ठेवणारी ॲप्सही तशीच. पासवर्ड घ्यायचा, तुमच्या नावाने लॉगिन करायचं, बँकेच्या पानावरचे आकडे उचलायचे. नुसतं पासबुक बघायला आलेल्याच्या हाती तिजोरीची किल्ली.

पिन परक्याला देऊ नका, असं बँकांच्या अटींत लिहिलेलं होतंच. पण २०१६ साली जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने, बुंडेसकार्टेलआम्टने, या अटी स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवल्या. बँकांना प्रतिस्पर्ध्याचा रस्ता असा अडवता येणार नव्हता.

(दृश्य: ब्रसेल्स. काचेच्या इमारती, पाऊस.)

तोवर युरोपीय संघाचा नवा कायदा तयार होता. नाव रुक्ष: पीएसडी२. मंजुरी २०१५ची, अंमल १३ जानेवारी २०१८पासून. खातेदार हो म्हणाला, तर परवानाधारक कंपनीला बँकेने खात्याची माहिती द्यायचीच, आणि तीही फुकट. सुरक्षेचे तपशीलवार नियम १४ सप्टेंबर २०१९ला लागू झाले. टॅनचा तो कागदही त्याच दिवशी बाद झाला.

(दृश्य: मोबाइलचा स्क्रीन, जवळून.)

आता ॲपमध्ये बँक निवडली, की बहुतेक वेळा तुम्ही थेट बँकेच्याच पानावर जाता. ओळख तिथेच पटवायची, मंजुरी तिथेच द्यायची. पासवर्ड ॲपला कळत नाही. त्याला शिल्लक दिसते, व्यवहार दिसतात; तेवढ्या परवानगीवर पैसे हलवता येत नाहीत. तुम्ही समोर नसताना त्याने दिवसातून चारदाच डोकवावं, असा साधारण नियम. ठरावीक मुदतीने ओळख पुन्हा पटवावी लागते. आधी ही मुदत ९० दिवसांची होती, लोक वैतागले, २०२३मध्ये ती १८० झाली.

पण ॲपला माहिती देणारी बँकांची ही दारं सगळी वेगवेगळ्या घडणीची. बर्लिन ग्रुप या युरोपीय गटाचा तांत्रिक आराखडा एक, फ्रान्सचा दुसरा, ब्रिटनचा तिसरा, आणि त्यातही प्रत्येक बँकेची स्वतःची तऱ्हा. सगळ्यांना एकाच जोडणीत आणणं हाच मग धंदा झाला. स्टॉकहोमची टिंक व्हिसाने घेतली. रिगाची नॉर्डिजेन खात्यांची माहिती फुकट पुरवायची. २०२२मध्ये ती गोकार्डलेस या पेमेंट कंपनीकडे गेली.

आपली माहिती ॲपला द्यायला लावण्याचा हा हक्क आहे तो चालू खात्यासारख्या पेमेंट खात्यांपुरता. मुदत ठेवी, कर्ज, शेअर त्यात येत नाहीत. भारतातल्या अकाउंट ॲग्रिगेटरच्या, म्हणजे संमतीने माहिती पोहोचवणाऱ्या मध्यस्थांच्या, जाळ्यात मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडही येतात, आणि मधल्या दुव्याला माहिती उघडून वाचताच येत नाही. युरोपातला मध्यस्थ ती वाचतो. त्याचं कामच ते.

मला खटकतं ते वेगळंच. बर्लिनमधल्या एखाद्या प्रोग्रामरला स्वतःच्या खात्याचे व्यवहार रोज स्वतःच्या एक्सेलमध्ये हवे असतील, तर हे नवं दार त्याच्यासाठी नाही. बँकेचं यंत्र आधी प्रमाणपत्र मागतं, आणि ते मिळतं परवाना असलेल्या कंपनीला. खातं त्याचं, पगार त्याचा, पण मध्ये कुणीतरी हवंच.

(दृश्य: रात्र. लॅपटॉपवर काळा स्क्रीन, सरकत्या ओळी.)

म्हणून असे हौशी लोक अजून फिनटीएस वापरतात. नव्वदच्या दशकातल्या जर्मन होम बँकिंगमधून आलेली ही जुनी पद्धत काही बँकांनी चालू ठेवली आहे. पिन टाकायचा, फोनवर मंजुरी द्यायची; व्यवहारांची यादी थेट आपल्या संगणकावर.