पेवाचं तोंड कुठं असावं?

मंडळी, लातुरात पेव म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. निदान पन्नाशीच्या पुढच्यांना तरी नाही. आमच्या आजोबांच्या वाड्यात होतं. जमिनीत खोल खड्डा, आत ज्वारी, तोंड मातीनं बंद. उघडलं तरी लगेच कुणी उतरायचं नाही, आतली कोंदलेली हवा आधी जाऊ द्यायची. चोराला दिसायचं नाही, आगीला सापडायचं नाही.

कॉम्प्युटरमधल्या डेटाची टेपवर ठेवलेली जादा प्रत, म्हणजे टेपवरचा बॅकअप, मला अगदी तसाच वाटतो. कार्ट्रिज, म्हणजे टेपची डबी, लायब्ररीतून, म्हणजे टेपा बदलणाऱ्या यंत्रातून, काढून कपाटात ठेवलं की नेटवर्कवरून आलेला कुठलाही रॅन्समवेअर, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, तिथं पोचत नाही. एलटीओ हा टेपचा एक प्रकार, पुढचा आकडा त्याच्या पिढीचा. एलटीओ-९ च्या तळहाताएवढ्या एका कार्ट्रिजात १८ टेराबाइट मावतात, तेही कॉम्प्रेशन न धरता. म्हणून "आता टेप कोण वापरतं?" असं कुणी म्हणालं की मी भांडतो.

आज बोलायचंय ते ही टेप लायब्ररी कुठल्या मशीनला जोडावी याबद्दल. पण आधी एका पतसंस्थेची हकीकत ऐका.

त्यांचे चार जुने सर्व्हर होते. ते चारही एका नव्या होस्टवर, म्हणजे एकाच मशीनवर, व्हर्च्युअल केले, म्हणजे त्यांचे सॉफ्टवेअरमधले सर्व्हर, व्हीएम, बनवले. जागा वाचली, एसीचं बिल उतरलं, सगळे खूश. एलटीओ-६ ची लायब्ररी मात्र केबल लोंबकळत कोपऱ्यात उभी. मला बोलावलं. बघतो तर कुणीतरी केबल रेड कार्डाला लावलेली! ते कार्ड डिस्क सांभाळणारं, त्याला टेप दिसेचना. वेगळं सॅस एचबीए, म्हणजे टेप जोडता येईल असं साधं कार्ड, मागवलं. ईएसएक्सआयला, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, थेट टेप जोडायला ते बनवणाऱ्या व्हीएमवेअरचा अधिकृत पाठिंबा नाही, म्हणून अख्खं कार्डच पासथ्रूनं, म्हणजे थेट, एका व्हीएमला द्यायचं ठरवलं. तर पासथ्रू चालूच होईना. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पासथ्रूला लागणारं व्हीटी-डी बंद होतं. ते चालू केलं, तर व्हीएम उठेना. पासथ्रू दिलं की त्या व्हीएमची सगळी मेमरी राखून ठेवावी लागते. तीही ठेवली. मग विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसला आणि त्याच्याखाली 'अननोन मीडियम चेंजर'. लायब्ररी म्हणजे दोन उपकरणं, ड्राइव्ह वेगळा आणि कार्ट्रिज बदलणारा हात वेगळा. चेंजरचा ड्रायव्हर टाकला. रात्री दोनच्या सुमारास तो हात सरकला, कार्ट्रिज उचललं, ड्राइव्हच्या तोंडाशी नेलं आणि खट्! इतका गोड आवाज मी फार कमी वेळा ऐकलाय.

पुढच्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, होस्टचा मदरबोर्ड गेला. टेपा धडधाकट, लायब्ररी धडधाकट. पण टेप वाचणारा व्हीएम त्याच होस्टवर, टेपांचा कॅटलॉग, म्हणजे कुठल्या टेपवर काय आहे त्याची यादी, त्याच व्हीएमवर. नवा होस्ट उभा राहीपर्यंत दोन दिवस गेले. काउंटरला शेतकरी उभे. बियाण्याला पैसे हवेत, आणि खातं उघडत नाही. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बाबा, वापसा थांबतो का कुणासाठी?" ते मी विसरलेलो नाही. आणि चार जुन्या सर्व्हरांपैकी एक ठेवा म्हणून मी हातापाया पडलो होतो, मंडळी! चारही भंगारात दिले होते.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर मुद्दा हा, की पेवाचं तोंड घरातच असेल तर घर पडल्यावर ते उघडायचं कुठून? पासथ्रू चालतं, पण मग त्या व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेता येत नाही आणि त्याला चालू स्थितीत दुसऱ्या होस्टवरही हलवता येत नाही. त्यापेक्षा लायब्ररी एका साध्या, वेगळ्या मशीनला जोडा. जुनं असलं तरी चालेल, फक्त एचबीए हवं. बॅकअप आधी त्या मशीनच्या डिस्कवर घ्या, मग टेपवर. कारण एलटीओ-६ सेकंदाला १६० मेगाबाइट लिहितो. डेटा फारच हळू आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते, आणि त्यात हेड आणि टेप दोन्ही झिजतात. व्हीएमकडूनच चालवायचं असेल तर या मशीनवरून लायब्ररी आयस्कझीनं, म्हणजे नेटवर्कवरून, द्या.

कॅटलॉगची प्रत वेगळी ठेवा. जुना ड्राइव्ह टाकून देऊ नका, एलटीओ-८ फक्त ७ पर्यंतच्या टेपा वाचतो, ६ च्या नाही. आणि टेपांचा एक संच दुसऱ्या गावी ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही.

एचबीए आणि केबल मी सोबत आणलीय, टेबलावर ठेवतो. पुढं या, हातात घेऊन बघा.