महाराजाच्या चित्राखाली सही कुणाची?

मित्रहो, एअर इंडियाचा महाराजा म्हटल्याबरोबर तो तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल. भलंमोठं पट्ट्यापट्ट्यांचं पागोटं, बाकदार नाक, दोन्ही बाजूंना निघालेल्या मिशा, मिटलेले डोळे, छातीवर हात. आता सांगा, तो काढला कुणी? मागून कुणीतरी ‘लक्ष्मण’ म्हणालं. नाही हो, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणांचा तो एशियन पेंट्स या रंगाच्या कंपनीच्या जाहिरातीतला पोरगा, गट्टू, १९५४चा. महाराजा काढला उमेश राव यांनी, १९४६ साली, मुंबईत. जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत ते चित्रकार होते.

आजचा विषय ‘रेषेतला विनोद’ असा छापलाय. त्याच्याकडे मी येतोच, पण हे आधी बोलू द्या.

महाराजाची कल्पना बॉबी कुका यांची. एअर इंडियाचा व्यापारी विभाग ते सांभाळत. माणूस बुद्धिमान, लेखणी मिश्कील. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण राजा हवा असं म्हणणं वेगळं आणि पागोटं डोक्याच्या मानाने किती फुगवायचं, पाठ किती वाकवायची हे कागदावर ठरवणं वेगळं. हसू येतं ते त्या ठरवण्यामुळे.

मध्यंतरी जुन्या जाहिरातींचं एक प्रदर्शन बघायला गेलो होतो. चित्रं काचेआड सुरेख मांडलेली. खाली पाट्या: कंपनीचं नाव, वर्ष, छपाईची पद्धत. चित्रकाराचं नाव एकाही पाटीवर नाही. तिथल्या बाईंना विचारलं, तर त्या अगदी सहज म्हणाल्या, “सर, जाहिरात आहे ना ती!” मला फार लागलं ते. जाहिरात आहे म्हणजे काय ती आपोआप उगवली? कुणीतरी रात्र जागवून, ब्रश आणि काळी शाई घेऊन बसलं होतं ना? अक्षरंसुद्धा हाताने काढायचे हे लोक. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात कमर्शियल आर्टचा, म्हणजे जाहिरातकलेचा, विभाग १९३५मध्ये सुरू झाला. तिथून शिकून निघालेल्या पिढ्यांनी साबणापासून विमानापर्यंत सगळं रंगवलं, आणि सही करायला कोपरा कुणी ठेवला नाही.

त्याच काळात, त्याच मुंबईत दीनानाथ दलाल मुखपृष्ठं करत होते. १९४५मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला. ‘दलाल’ ही सही मराठी घरात लहान मुलंही ओळखायची. म्हणजे कादंबरीवरचं चित्र सहीचं, आणि तिकीट विकणारं बिनसहीचं! गट्टूला लक्ष्मणांचं नाव चिकटलं, कारण ते वर्तमानपत्रात रोज सही करत होते. अमूलची मुलगी घ्या. तिच्या जाहिरातींमागचे सिल्व्हेस्टर दाकुन्हा हे नाव तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. पण १९६६मध्ये ती मुलगी काढणारे युस्टेस फर्नांडिस?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, मूळ विषय भराभर सांगतो.

वर्तमानपत्राचा कागद खरखरीत. बारीक छटा त्यावर शाईत बुजून जात, म्हणून जस्ताचा लाइन ब्लॉक, म्हणजे नुसत्या रेषा उमटवणारा छपाईचा ठसा, करायचा. त्याला हवी ठसठशीत रेषा आणि सपाट रंग. या अडचणीतूनच त्या काळच्या चित्रांना नेमकेपणा आला. नको ती रेघ ठेवायची सोयच नव्हती. आता विनोद कुठे आहे बघा. १९४६ साली देशात साडेपाचशेहून जास्त संस्थानं होती. लोक राजापुढे वाकत. इथे राजाच वाकून तिकीट काढणाऱ्याला ‘या’ म्हणतोय. डोळे मिटलेले, त्यामुळे तोरा नाही. पागोटं मोठं, त्यामुळे वाकणं आणखी मोठं दिसतं. एका वाकण्यात सगळं राजेपण उलटं केलंय.

८ जून १९४८ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनचं विमान सुटलं, पुढे मार्ग वाढले, आणि महाराजा पोस्टरांवर वेष बदलत फिरू लागला. कुठे सुमो पैलवान, कुठे फुटपाथवरचा चित्रकार. कपडे बदलले तरी नाकमिशांवरून तोच. व्यंगचित्रातलं पात्र जमलं की नाही, याची माझ्या मते हीच खरी परीक्षा, आणि रावांचं पात्र तिथे पैकीच्या पैकी उतरतं.

वेळ संपली. तुमच्यापैकी कुणाचे वडील, आजोबा, आत्या अशा स्टुडिओत काम करत असतील, तर कार्यक्रमानंतर दोन मिनिटं थांबा. कुठली जाहिरात त्यांनी केली ते नावानिशी सांगा. वही आणली आहे, मी लिहून घेतो.