चित्र काढून घेतल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात फडताळाचे खालचे दोन कप्पे बुडाले. तिथं माझ्या एलपी, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, होत्या. पाणी ओसरल्यावर पुठ्ठ्याची कव्हरं हातात लगदा होऊन आली. तबकड्या वाचल्या. तबकडीच्या व्हिनाइल प्लास्टिकला पाण्याचं भय नसतं, रेघांत बसणाऱ्या गाळाचं असतं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ फडक्यानं गोल गोल पुसत एकेक धुतली आणि भांड्यांच्या रॅकमध्ये ताटल्यांसारखी उभी करून वाळवली. कित्येकींच्या लेबलवर डाग असे बसले होते, की नावच वाचता येईना. मग लावायची आणि ओळखायची. ना कव्हर, ना नाव, ना नटाचा चेहरा. त्या महिन्याभरात साउंडट्रॅकबद्दलची, म्हणजे सिनेमासाठी केलेल्या संगीताबद्दलची, माझी मतं पक्की झाली.

आपल्याकडे सिनेमाची रेकॉर्ड म्हणजे गाणी. पार्श्वसंगीत बहुधा थिएटरातच राहिलं, तबकडीवर क्वचितच आलं. त्यामुळे नुसत्या पार्श्वसंगीताचा आल्बम ऐकायची सवय आपल्या कानांना नाही. माझी कसोटी साधी आहे: चित्र काढून घेतलं, तर एक अख्खी बाजू ऐकवते का?

'ब्लेड रनर' घ्या. सिनेमा १९८२चा, पण त्याचा संगीतकार वँगेलिस यानं स्वतः वाजवलेलं संगीत आल्बम म्हणून आलं १९९४ साली. मधली बारा वर्षं लोकांनी दुसऱ्या ऑर्केस्ट्रानं वाजवलेल्या आवृत्तीवर भागवलं. खऱ्या आल्बममधला सिंथेसायझरचा स्वर तुतारीसारखा उठतो आणि विरायला वेळ घेतो. तो विरेपर्यंत थांबण्यातच सगळं सुख आहे. माझी तक्रार एकच. मध्येमध्ये सिनेमातले संवाद घातलेत. संवाद आला की पडदा परत समोर येतो आणि माझं ऐकणं मोडतं.

आता डाउनटेम्पो, म्हणजे संथ ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत. मिनिटाला साधारण सत्तर ते शंभर ठोके, गाणं कमी, वातावरण जास्त. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातून मॅसिव्ह अटॅक या बँडचा 'ब्लू लाइन्स' हा आल्बम १९९१ला आला, पोर्टिसहेड या बँडचा 'डमी' १९९४ला. ही मंडळी साउंडट्रॅकची सख्खी नातेवाईक. 'डमी'तल्या 'सावर टाइम्स' या गाण्याचा पाया म्हणजे 'मिशन इम्पॉसिबल' या टीव्ही मालिकेसाठी लालो शिफ्रिननं केलेल्या संगीताचा एक तुकडा. त्याहून नवल पुढे आहे. पोर्टिसहेडचे लोक स्वतःचं वादन तबकडीवर उतरवून घ्यायचे, ती जमिनीवर टाकून तिच्यावरून चालायचे आणि मग त्या ओरखड्यांसकट तो आवाज पुन्हा गाण्यात घ्यायचे. रात्र रात्र जागून गाळ धुतलेल्या माणसाच्या हे जिवाला लागलं. पण 'डमी' परत लावली, तेव्हा पटलं. ती खरखर नसती, तर तो आवाज जुन्या आठवणीसारखा लांबून आला नसता.

सगळंच डाउनटेम्पो मला चालत नाही. २०००च्या आसपास कॅफेत लावण्यासाठी निघालेले संग्रह पुष्कळ. ठेका एकदा सुरू केला की तो तसाच चालू, वर सतारीची एखादी तार छेडून ठेवलेली, शोभेला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याला आकार देताना, तारेचा सूर खुलावा म्हणून घोडी घासून जवारी लावताना ज्यानं पाहिलंय, त्याला ती सतार टोचते. संथपणा म्हणजे सैलपणा नव्हे. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात एकेक मात्रा किती लांबते, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येणार हे कानाला सतत ठाऊक असतं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले, तिथल्या श्रोत्याला हे वेगळं सांगायला नको. विलंबित आणि डाउनटेम्पो एक नाहीत, पण कस एकच: दोन ठोक्यांमधल्या जागेत काही घडतंय का?

धुतलेल्या तबकड्यांपैकी एक ओळखायला मला तीन दिवस लागले. जड, सावकाश ड्रम, त्यावर ऑर्गनसारखा स्वर. शेवटी आठवलं. एअर या फ्रेंच जोडीनं 'द व्हर्जिन सुइसाइड्स' या सिनेमासाठी केलेलं संगीत, साल २०००. पूर ओसरल्यानंतरच्या त्या दिवसांत, वीज आल्या आल्या, ओल्या भिंतींच्या खोलीत मी त्याची पहिली बाजू रोज ऐकली. आता ती साध्या पांढऱ्या पाकिटात आहे, नाव पेन्सिलीनं लिहिलंय. तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही, आणि पाहणारही नाही.

नमस्कार.