व्हीलचेअर असलेल्या घराची धोका पातळी

नमस्कार. पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो तो राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, हा. तिथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. मधले चार फूट पाणी चढेपर्यंत लोक सामान माळ्यावर टाकतात, जनावरे हलवतात आणि मग निघतात. ज्या घरात व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आहे, त्या घराने मात्र 39 फुटांनाच निघावे, असे माझे मत आहे. कारण एकदा रस्ता पाण्याखाली गेला की होडी येते, माणसाला उचलून होडीत घेतले जाते आणि खुर्ची दारातच राहते.

त्यापुढचा त्रास बातम्यांत येत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला निवारा केंद्रात, म्हणजे बहुधा शाळेच्या वर्गात, सतरंजीवर बसवतात. कमरेखाली संवेदना नसेल, तर फरशी टोचते आहे हे तिला कळतच नाही. माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि ती जखम पूर ओसरून गेला तरी महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून खुर्ची नेता आली नाही, तरी तिची गादी बरोबर गेलीच पाहिजे आणि रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देण्याचे काम कोणाचे, हे घरात आधीच ठरलेले असले पाहिजे. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, वापरत असल्यास तेही बरोबर घ्यावे. फिटच्या गोळ्या तर विसरूच नयेत, कारण त्या अचानक बंद झाल्या तर झटके येऊ शकतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 8 नुसार जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे काम आहे. रिक्षावर भोंगा लावून दिलेली सूचना कर्णबधिर माणसापर्यंत पोहोचत नाही, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा जून उजाडण्यापूर्वी तलाठी किंवा ग्रामसेवकाकडे जाऊन, अशा यादीत आपले नाव आहे का, हे विचारा. नुसते नाव आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी वाचून बचाव पथकाला काहीच उमगत नाही. नावापुढे लिहून घ्या: ‘उचलायला दोन माणसे लागतात, काखेत हात घालून ओढू नये’, किंवा ‘ऐकू येत नाही, हाक न मारता आत जाऊन खांद्याला हात लावावा’.